नेत्रदान : आधी बोलून ठेवावयाची गोष्ट

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तंजावर येथे केलेले भाषण)



मंगल प्रसंगी मृत्यूचा विषय काढणे कोणास अनुचित वाटल्यास आम्ही आधीच क्षमा मागतो. परंतु दुःखाच्या दिवशी हा विषय कोणाच्याने काढवत नाही; तो सुखाच्या दिवशीच बोलून ठेवावा लागतो, हे आम्ही स्वानुभवाने शिकलो आहोत.

ज्या नगरीत आपण जमलो आहोत, तिला नेत्रवैद्यकाची परंपरा आहे. सरफोजी महाराजांनी (1777–1832) येथे धन्वंतरी महाल उभारला. त्यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, सरस्वती महाल ग्रंथालयात जतन केलेल्या आहेत. मोतीबिंदूवर त्या काळीही उपचार होते. पण बुबुळावरील पारदर्शक पडदा पांढरा पडला म्हणजे वैद्य हतबल होई. तो पडदा बदलण्याची शस्त्रक्रिया एडुआर्ड झिर्म यांनी 1905 साली मोराव्हियात यशस्वी केली, आणि भारतातील पहिली नेत्रपेढी 1945 साली मद्रासेत निघाली. विद्या आली, साधने आली. उणीव राहिली ती देणाऱ्यांची.

त्या उणिवेत आमचाही वाटा आहे. आमच्या तीर्थरूपांनी सोलापुरास असताना नेत्रदानाचा अर्ज भरला होता. पुढे ते आमच्याकडे राहावयास आले आणि येथेच एका पहाटे त्यांचे देहावसान झाले. पुण्याहून बंधू व नागपुराहून भगिनी येईपर्यंत अंत्यदर्शनासाठी आम्ही देह दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवला. तेरावा झाल्यावर विम्याचे कागद शोधताना ट्रंकेत तो अर्ज सापडला. नातलगांसाठी आम्ही तीस तास थांबलो होतो. डोळ्यांसाठी पहिले सहा तासच पुरले असते. त्यांनी आम्हांस सांगितले नव्हते, आणि आम्हीही कधी विचारले नव्हते.

आपण मुलुखापासून दूर राहणारी माणसे. आपल्याकडे मृत्यूनंतर वाट पाहणे ओघानेच येते. म्हणूनच नेत्रपेढीचा दूरध्वनी क्रमांक घरात ठळक लिहून ठेवावा. मृत्यूनंतर तो तत्काळ फिरवावा, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोके उशीने किंचित उंच करावे व पंखा बंद करावा. नेत्रपेढीची माणसे घरी येतात. काम अर्ध्या तासाच्या आत आटोपते. चेहरा विद्रूप होत नाही, अंत्यदर्शनात काही उणे पडत नाही. वृद्धत्व, चष्मा वा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आड येत नाही.

मूत्रपिंड, यकृत, हृदय यांची गोष्ट निराळी. हे अवयव बहुधा, रुग्णालयात श्वसनयंत्रावर असताना ज्याचा मेंदू मृत झाल्याचे डॉक्टरांनी विधिपूर्वक ठरविले आहे, अशा व्यक्तीचे घेता येतात. त्यासाठी 1994 चा कायदा आहे. 2008 साली तामिळनाडूतील एका डॉक्टर दांपत्याने अपघातात मेंदूमृत झालेल्या आपल्या किशोरवयीन मुलाचे अवयव दिले, आणि या राज्यातील अवयवदानाच्या कार्यास मोठी चालना मिळाली. अवयवदात्यांवर शासकीय इतमामाने अंत्यसंस्कार करण्याचा निर्णय राज्य सरकारने सप्टेंबर 2023 मध्ये जाहीर केला. तथापि दान कोणतेही असो, त्या घटकेला संमती द्यावयाची असते ती घरच्यांनीच. दात्याने भरलेला अर्ज ट्रंकेत राहिला तर तो मुकाच राहतो.

या जन्मी डोळे दिले तर पुढील जन्मी अंधत्व येईल, अशी भीती काहींस वाटते. त्यांनी येथील शिवालयांत त्रेसष्ट नायन्मारांच्या रांगेत उभा असलेला कण्णप्पा आठवावा. शिवलिंगाच्या डोळ्यातून रक्त वाहताना पाहून त्या व्याधाने जिवंतपणी स्वतःचा डोळा काढून दिला आणि दुसराही देऊ केला. त्याला देवाने अंधत्व नव्हे, आपले सान्निध्य दिले. आपणांकडे मागणे आहे ते तर चितेत भस्म होणाऱ्या वस्तूचे.

म्हणून एकच विनंती. आज रात्री जेवताना हा विषय घरात काढावा. वडीलधाऱ्यांस विचारण्यापूर्वी आपली स्वतःची इच्छा सांगावी, म्हणजे विचारणे जड जाणार नाही. आम्ही आमच्या मुलांस सांगितले आहे. आमचा अर्ज आता ट्रंकेत नाही. तो देवघराशेजारी भिंतीवर आहे.