नवजात अर्भकाची वेदना व तिचे शमन

शरीराला इजा झाली की मोठे माणूस ती बोलून दाखवते. चालते-बोलते मूल दुखऱ्या जागेवर बोट ठेवते. परंतु जन्मून दोनच दिवस झालेल्या अर्भकापाशी शब्द नसतात, आणि खूण करण्याचे सामर्थ्यही नसते. त्याची भाषा एकच, आणि ती म्हणजे रडणे. भूक लागली तरी रडणे, अंग ओले झाले तरी रडणे, आणि पोटावरील शस्त्रक्रियेनंतर जखम ठणकू लागली तरीही रडणेच. त्यातून कृत्रिम श्वासोच्छ्वासासाठी घशात नळी घातलेली असली तर तो आवाजही बाहेर फुटत नाही. अशा मुक्या जिवाला वेदना होतात काय, होत असल्यास त्या ओळखाव्या कशा आणि शमवाव्या कशा, हे प्रश्न वैद्यकशास्त्राने फार उशिरा गंभीरपणे विचारात घेतले.

नवजात अर्भकाच्या पोटावर शस्त्रक्रिया करण्याचे प्रसंग वाटतात तितके विरळा नाहीत. कोणाच्या आतड्याचा मार्ग जन्मतःच बंद असतो, कोणाचे गुदद्वार तयार झालेले नसते. कधी आतड्याला पीळ पडतो, तर कधी पोटाची भिंत अपुरी राहून आतडी बाहेर आलेली असतात. अपुऱ्या दिवसांच्या बालकाचे आतडे सुजून त्याचा एखादा भाग निर्जीव होतो. अशा वेळी मूल मोठे होईपर्यंत वाट पाहण्यास अवसर नसतो. शस्त्रक्रिया तत्काळ करावी लागते आणि तिची जखम त्या इवल्या देहाच्या मानाने फारच मोठी असते.

असे असूनही विसाव्या शतकाचा बराच काळ एक समजूत दृढ होती. नवजात अर्भकाची मज्जासंस्था अपक्व असते, तेव्हा त्याला वेदना जाणवत नाही, जाणवली तरी स्मरणात राहत नाही, अशी ती समजूत. अमेरिकेत मर्टल मॅकग्रॉ यांनी बालकांना टाचणी टोचून केलेली निरीक्षणे १९४१ मध्ये प्रसिद्ध झाली. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत कित्येक बालके टोचण्याला फारसा प्रतिसाद देत नाहीत असे त्यांत नमूद होते, आणि अशा निरीक्षणांनी त्या समजुतीला बळ मिळाले. मज्जातंतूंवरील मेदाचे आवरण पूर्ण झालेले नसते, हेही एक कारण पुढे केले जाई. वास्तविक प्रौढ माणसाच्या शरीरातही वेदनेचे बरेचसे संदेश असे आवरण नसलेल्या तंतूंतूनच वाहतात. परंतु या साध्या गोष्टीकडे दुर्लक्ष झाले.

या समजुतीमागे निव्वळ निष्ठुरता होती असे मात्र म्हणता येणार नाही. त्या काळची भुलीची औषधे दुबळ्या अर्भकाचा श्वास व रक्तदाब केव्हा खाली आणतील याचा भरवसा नव्हता. लिव्हरपूलचे भूलतज्ज्ञ जॅक्सन रीस यांनी १९५० मध्ये नवजात अर्भकांच्या भुलीविषयी जी पद्धती मांडली, तिच्या परंपरेत नायट्रस ऑक्साइड वायू, स्नायू शिथिल करणारे औषध आणि नियंत्रित श्वासोच्छ्वास यांवर भर होता. तिने अनेक बालकांचे प्राण वाचविले, हे निर्विवाद आहे. परंतु ठिकठिकाणी प्रबळ वेदनाशामके वगळली जाऊ लागली. शिथिल केलेले बालक हालत नाही आणि रडतही नाही. ते शांत निजले आहे असे पाहणाऱ्यास वाटते. ती शांतता वेदनेच्या अभावाची नसून केवळ स्नायूंच्या असहायतेची असू शकते, हे ध्यानात येण्यास पुष्कळ वर्षे जावी लागली.

हा भ्रम दूर करण्यात ज्यांचा वाटा फार मोठा, त्या डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांचे वैद्यकीय शिक्षण इंदूरच्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयात झाले होते. तेथून ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून ते ऑक्सफर्डला गेले. शस्त्रक्रियागृहातून परत येणारी अर्भके जाण्यापूर्वी होती त्याहून अधिक खालावलेली व निस्तेज का दिसतात, असा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बालकांचे दोन गट केले. या बालकांवर हृदयानजीकची एक रक्तवाहिनी बांधण्याची शस्त्रक्रिया व्हावयाची होती. एका गटाला रूढ पद्धतीची भूल दिली आणि दुसऱ्या गटाला तिच्याच जोडीला फेंटानिल हे प्रबळ वेदनाशामक दिले. १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वेदनाशामक न मिळालेल्या बालकांच्या रक्तात ताणाची संप्रेरके पुष्कळच अधिक वाढली होती, शरीरातील प्रथिनांचा क्षय अधिक झाला होता, आणि शस्त्रक्रियेनंतरचे उपद्रवही त्यांनाच अधिक झाले होते. मुखाने जे सांगता येत नव्हते ते रक्ताने सांगितले! त्याच वर्षी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने नवजात अर्भकांनाही शस्त्रक्रियेच्या वेळी योग्य भूल व वेदनाशमन मिळाले पाहिजे, असे जाहीर केले.

पुढील संशोधनाने या निष्कर्षास पुष्टीच मिळाली. वेदनेचे संदेश वाहून नेणारे मार्ग जन्मापूर्वीच तयार झालेले असतात. मात्र मेंदूकडून खाली येऊन त्या संदेशांना आवर घालणारे मार्ग अद्याप कच्चे असतात. म्हणजे अर्भकाला वेदना कमी होण्याऐवजी अधिक तीव्र व अधिक पसरट होण्याचा संभव असतो. कॅनडातील एका अभ्यासात, वेदनाशमनाविना सुंता झालेली मुले काही महिन्यांनी लस टोचताना इतर मुलांपेक्षा अधिक रडली, असे १९९७ मध्ये आढळून आले. मनाला स्मरण नसले तरी देहाला ते असते, असाच याचा अर्थ.

आता प्रश्न उरतो तो वेदना ओळखण्याचा. वेदनाग्रस्त अर्भकाच्या भुवया फुगून खाली ओढल्या जातात, डोळे घट्ट मिटतात, नाकाच्या बाजूची घडी खोल होते व तोंड उघडे राहते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘क्राइज’ ही मोजपट्टी शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसाठीच रचलेली आहे. रडणे, प्राणवायूची वाढलेली गरज, नाडी व रक्तदाब यांतील वाढ, चेहऱ्यावरील भाव आणि झोपमोड, अशा पाच लक्षणांना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देऊन दहापैकी बेरीज केली जाते. परिचारिकेने ठराविक वेळाने ही नोंद करावयाची असते. तथापि, अतिशय आजारी वा अपुऱ्या दिवसांचे बालक रडण्याइतकेही बळ नसल्याने निपचित पडते. त्याच्या शांततेवर विसंबणे धोक्याचे ठरते.

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर वेदनाशमनाला आणखी एका कारणाने महत्त्व आहे. अर्भक श्वास घेते ते मुख्यतः पोटाच्या पडद्याने. जखम दुखू लागली की श्वास उथळ होतो आणि फुप्फुसे पुरती फुलत नाहीत. गंमत अशी की, वेदना शमविणारे मॉर्फीनही मात्रा अधिक झाल्यास श्वासच मंदावते. अर्भकाचे यकृत व मूत्रपिंडे कोवळी असल्यामुळे हे औषध त्याच्या देहात दीर्घकाळ रेंगाळते. म्हणून ते अल्प प्रमाणात, शिरेतून संथपणे आणि श्वास, नाडी व प्राणवायू यांवर अहोरात्र लक्ष ठेवूनच दिले जाते. उतारा म्हणून नॅलोक्सोन जवळ ठेवलेले असते. अनेक दिवस ते द्यावे लागले, तर एकदम न थांबविता पायरीपायरीने उतरवावे लागते.

एकाच औषधावर सारा भार न टाकता अनेकांची थोडथोडी मदत घ्यावी, हे आजचे सूत्र आहे. शिरेतून नियमितपणे पॅरासिटामोल दिल्यास मॉर्फीनची गरज बरीच उतरते. रॉटरडॅम येथे छाती वा पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेल्या, एक वर्षाखालील ७१ बालकांवर झालेल्या अभ्यासात ही घट ६६ टक्के होती, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. काही ठिकाणी पाठीच्या कण्याच्या तळाशी दोऱ्यासारखी बारीक नळी बसवून स्थानिक बधिरीकरणाचे औषध सोडतात. त्यामुळे पोटाचा भाग बधिर होऊन बालक लवकर स्वतःचा श्वास घेऊ लागते. मात्र हेही औषध साचून विषारी होऊ शकते. त्यामुळे मात्रेची व कालावधीची मर्यादा पाळावी लागते, आणि हात कुशल असावा लागतो.

औषधांना जोड हवी ती मायेची. मंद प्रकाश, कमी गलबला, एक तळहात माथ्यावर व दुसरा पावलांशी धरून बालकाला गर्भातल्यासारखे सावरणे, आईचा ओळखीचा आवाज, आणि डॉक्टरांनी अनुमती दिल्यावर तिच्या छातीचा उबदार स्पर्श, या सर्वांनी बालक निवते. टाचेतून रक्त घेताना जिभेवर सोडलेले साखरपाण्याचे थेंबही उपयोगी पडतात. परंतु पोटाच्या जखमेवर ते उपाय नव्हेत, आणि आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर तर डॉक्टरांच्या अनुज्ञेवाचून थेंबही तोंडात घालता कामा नये.

बाळ शस्त्रक्रियागृहात जाताना माता-पिता एकच प्रश्न विचारतात : “वाचेल ना?” तो स्वाभाविकच आहे. त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न त्यांनी निःसंकोचपणे विचारावा : “त्याचे दुखणे कमी करण्यासाठी काय योजना आहे, आणि ते दुखते की नाही हे कोण, किती वेळाने पाहणार?” चांगल्या रुग्णालयात या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर तयार असते. ज्याला स्वतःसाठी बोलता येत नाही, त्याच्यासाठी कोणीतरी बोललेच पाहिजे.