‘कमळ’ चालतं, ‘चादर’ चालत नाही: गो भाषेचा कंपायलर आणि आपली मराठी

सोलापुरातून बोलतोय. आज विषय थोडा टेक्निकल आहे, पण मोबाइल हातात आहेच तर ऐकता ऐकता करूनही बघा.

ब्राउझरमध्ये गो प्लेग्राउंड उघडा. व्हेरिएबलचं नाव द्या ‘कमळ’ आणि ते वापरा. प्रोग्राम चालतो. आता नाव बदलून ‘चादर’ करा. कंपायलर लगेच अडतो, म्हणतो नावात चुकीचं कॅरॅक्टर आहे. कुठलं? ‘च’ नंतरचा काना!

कारण साधं आहे. गोच्या नियमानुसार नावात फक्त अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर चालतात. युनिकोडच्या हिशेबात ‘च’ हे अक्षर, पण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही अक्षराला जोडायची चिन्हं. म्हणून ‘नगर’ चालतं, ‘सोलापूर’ नाही. आमच्या गावात मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही भाषा एकाच गल्लीत ऐकू येतात, आणि तिन्हींचं काम मात्रांशिवाय होत नाही. म्हंजे अख्खी गल्ली बाहेर!

हा बग नाही बरं का. गोच्या अधिकृत प्रश्नोत्तरांत देवनागरीचं नाव घेऊन कबूल केलंय, की ही चिन्हं मुद्दाम वगळली आणि त्यामुळे ती बाहेर राहते. मुद्दाम का? ‘दऱ्या’ मधला ‘ऱ’ घ्या. तो एका कोडने लिहिता येतो, किंवा साधा ‘र’ आणि खाली नुक्ता असा दोन कोडनीही. डोळ्यांना एकच, कंपायलरला मात्र दोन वेगळी नावं. अडचण खरी आहे. पण पायथॉनने ती सोडवली की! २००८ मध्ये पायथॉन ३ आलं तेव्हापासून नाव वाचतानाच दोन्ही रूपं एक केली जातात. रस्टमध्ये २०२१ च्या १.५३ आवृत्तीपासून देवनागरी नावं चालतात.

मग गो का थांबलंय? २०१२ मध्ये गो १ आलं तेव्हा वचन दिलं होतं, जुना प्रोग्राम नव्या आवृत्तीत चालत राहील. म्हणून ही मंडळी फार जपून पावलं टाकतात. तरी फेब्रुवारी २०२४ मध्ये, १.२२ आवृत्तीत, त्यांनी चक्क फॉर लूपचा अर्थ बदलला. आधी पूर्ण लूपला एकच व्हेरिएबल असायचं. समजा दुकानात एकाच पाटीवर भाव लिहून पुसताय आणि प्रत्येक टॉवेलवर ‘पाटी बघा’ अशी चिठ्ठी लावताय. शेवटी सगळ्या टॉवेलांचा भाव एकच, शेवटचा! अशाच चुकीमुळे २०२० मध्ये लेट्स एन्क्रिप्टला ३० लाखांहून जास्त सर्टिफिकेटं रद्द करायची घोषणा करावी लागली होती. आता प्रत्येक फेरीला नवी पाटी. आणि वचन कसं पाळलं? प्रोजेक्टच्या गो-मॉड फाइलमध्ये १.२२ किंवा पुढची आवृत्ती लिहिली असेल तरच नवा अर्थ लागू, नाहीतर जुनाच. मला ही युक्ती जाम आवडली.

माझं म्हणणं एवढंच, की लूपच्या बदलाने चालू कोडचा अर्थ बदलत होता, तरी वाट काढली. मात्रांना परवानगी दिली तर आजचं एकही नाव मोडत नाही. ‘ऱ’ चा निर्णय तेवढा घ्यावा लागेल.

कोणी म्हणेल, मराठीत व्हेरिएबल लिहितं कोण? कामावर मीही नाही लिहित. पण आठवीतली मुलगी पहिला प्रोग्राम लिहिताना ‘वजन’ लिहिते, चालतं. पुढच्या ओळीत ‘किंमत’ लिहिते, एरर. तिला वाटणार आपलंच चुकलं. तिथं युनिकोड कोण समजावणार ओ?

आणि हो, ‘कमळ’ चाललं म्हणून खूश होऊ नका. गोमध्ये नाव दुसऱ्या पॅकेजला दिसायचं असेल तर पहिलं अक्षर कॅपिटल लागतं. देवनागरीत कॅपिटल कुठून आणायचं? पुढे इंग्रजी एक्स चिकटवायचा जुगाड आहे, ‘एक्सकमळ’. करून बघा, आणि कसं दिसतं ते कमेंटमध्ये सांगा.