परवाना नको, हक्क हवा
(देवळाली कॅम्प येथील व्याख्यानाचा मजकूर)



वेश्याव्यवसायाच्या कायद्याचा विषय निघाला की सुशिक्षित समाजात दोनच मते ऐकू येतात. पहिले म्हणते, हा धंदा समूळ बंद करा. दुसरे स्वतःला व्यवहारी समजते : धंदा बंद होणार नाही, तेव्हा परवाने द्या, वस्ती नेमून द्या, सक्तीने वैद्यकीय तपासणी करा. हे दुसरे मत पुरोगामी मानले जाते. वस्तुतः ते दीडशे वर्षांहून जुने आहे आणि त्याचा उगम देवळालीसारख्या लष्करी छावण्यांच्या कायद्यात आहे.

मुंबई बंदरात उतरणाऱ्या आणि मायदेशी परतणाऱ्या गोऱ्या पलटणी देवळालीत मुक्काम करीत. अशा सैनिकांना गुप्तरोग होऊ नयेत म्हणून १८६४ च्या कॅन्टोन्मेंट कायद्याने छावण्यांतील कुंटणखान्यांचे नियमन सुरू केले. स्त्रियांची नोंदणी आणि तपासणी होई. रोगी ठरलेल्या स्त्रीला ‘लॉक हॉस्पिटला’त अडकवून ठेवीत. १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्याने हीच पद्धत शहरांत आणली. जोसेफिन बटलर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या चळवळीनंतर १८८८ मध्ये तो कायदा रद्द झाला. ज्या व्यवस्थेत स्त्रीचे आरोग्य हे केवळ गिऱ्हाइकाच्या सोयीचे साधन होते, तिलाच आज सुधारणा म्हणणे हा इतिहासाचा विसर होय.

स्वतंत्र भारताने १९५६ मध्ये कायदा केला; १९८६ च्या दुरुस्तीने त्याला ‘अनैतिक व्यापार (प्रतिबंध) कायदा’ हे नाव मिळाले. प्रौढ स्त्रीने स्वतः हा व्यवसाय करणे या कायद्याने गुन्हा ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये स्पष्ट केले. तथापि लोकमत आणि पोलीसचौकी यांना हे मान्य नाही, आणि कायद्यातील इतर कलमे त्यांच्या मदतीला येतात. कलम ८ नुसार गिऱ्हाइकाला खुणावणे हा गुन्हा आहे. त्यासाठी स्त्रीला पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच कलमाखाली पुरुषाला कमाल तीन महिने. तिच्या कमाईवर जगणारा प्रौढ मुलगाही कलम ४ च्या कचाट्यात सापडू शकतो.

याचा आर्थिक परिणाम उघड आहे. जिचा व्यवहार न्यायालयात उभा राहू शकत नाही, तिला बुडालेले पैसे मागता येत नाहीत. तिला खोली जादा भाड्यानेच मिळते. दलाल, गुंड आणि हप्ता घेणारा शिपाई हे सारे तिच्या कमाईतून आपला वाटा काढतात. बँकेचे दार बंद असले की सावकाराचे फावते. येथेही तोच नियम लागू आहे.

दारिद्र्याने लादलेल्या धंद्याला ‘निवड’ कसे म्हणावे, असा आक्षेप प्रामाणिक कार्यकर्तेही घेतात. आक्षेप रास्त आहे. अल्पवयीन मुलींचा व्यापार आणि सक्ती यांना कठोर शिक्षा हवी, याविषयी दुमत नाही. पण १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने शिक्षा मालकाला ठरवली. वेठबिगाराला मुक्त केले. स्वीडनने १९९९ मध्ये गिऱ्हाइकाला दोषी ठरवले. न्यूझीलंडने २००३ मध्ये व्यवसायच फौजदारी कायद्याच्या कक्षेबाहेर काढला आणि चार स्त्रियांपर्यंतच्या गटाला मालकाविना एकत्र काम करण्याची मुभा दिली. हे मार्ग परस्परविरोधी आहेत. मात्र स्त्रीला तुरुंगात धाडू नये, यावर दोहोंचे एकमत आहे. समाजवाद्यांनी निदान तेथून आरंभ करावा आणि कलम ८ रद्द करण्याची मागणी करावी.

कायदा बदलेपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. या स्त्रियांना शिधापत्रिका व मतदार ओळखपत्र देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये दिला. निरोध सापडणे हा गुन्ह्याचा पुरावा मानू नये आणि पोलिसांनी सन्मानाने वागावे, असे १९ मे २०२२ च्या आदेशात सांगितले. या आदेशांची अंमलबजावणी होते की नाही, हे पुरवठा कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात जाऊन विचारणे हे पक्षकार्यच आहे.

सांगलीत या स्त्रियांनीच ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभारली. गिरणी कामगाराला संघटनेचा हक्क दयेने मिळाला नव्हता. या स्त्रियांनाही तो दयेने मिळणार नाही. त्यांच्या वतीने बोलण्याची घाई करण्यापूर्वी त्यांना सभेत बोलावून त्यांचे म्हणणे ऐकून घेणे, ही पहिली सुधारणा होय.