पैसे लेखकाचे, हक्क दुसऱ्याचे



कादंबरीचं बाड काखेत मारून येणारा प्रत्येक तरुण मला एकच विचारतो, "सर, प्रकाशक शोधू की स्वतःच छापू?" मी त्याला उलट विचारतो, "पैसे कोण घालतंय?"

जो स्वतःच्या पदरचे पैसे घालतो, बुडण्याची तयारी ठेवतो आणि दुसऱ्याचं लेखन वाचकापर्यंत नेतो, तो प्रकाशक. लेखकाकडून छपाईचा खर्च घेऊन वर पुस्तकाचे हक्कही घेणाऱ्याला मी या व्यासपीठावरून प्रकाशक म्हणणार नाही. राग आला तर येऊ द्या.

हे मी भोगलेलं आहे. माझी पहिली कादंबरी वीस फर्म्यांची होती. पतपेढीचं कर्ज काढून मी पैसे भरले. पाचशे प्रती छापल्याचं मला सांगण्यात आलं. तीनशे माझ्याच पडवीत येऊन पडल्या, खाकी कागदातले गठ्ठे. दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या गठ्ठ्यांना वाळवी लागली. नायिका सातव्या पानावर सुमन होती, एकोणनव्वदाव्या पानावर सुनंदा झाली. चूक माझीच, पण संपादन सोडाच, कोणी मुद्रितंसुद्धा धड वाचली नव्हती. आणि श्रेयनामावलीच्या पानावर छापलं होतं, 'सर्व हक्क प्रकाशकाधीन'. कर्ज माझं, वाळवी माझी, हक्क त्यांचे!

मग सगळ्यांनी स्वतःच छापायचं का? तसं मी म्हणत नाही. पंचविशीतल्या नेमाड्यांची 'कोसला' 1963 साली रा. ज. देशमुखांनी काढली. 'मौज'मध्ये श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकाच्या ओळीओळीशी झगडत. असा माणूस भेटला तर त्याच्या दारात दोन वर्षं थांबा, मी सांगतो. रॉयल्टी दहा टक्के मिळेल, चारशेच्या पुस्तकामागे चाळीस रुपये. पण तुमची कादंबरी आहे त्याहून चांगली होऊन बाहेर येईल.

पण दार उघडलंच नाही तर? महात्मा फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड'ची पहिली दोन प्रकरणं 'दीनबंधू'त आली आणि पुढची थांबली. तेही त्यांच्याच चळवळीच्या पत्रात! म्हणून स्वतः छापणाऱ्याला 'हौशी' म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी माझं भांडण आहे. अशोक शहाणे यांच्या 'प्रास'ने कोणत्या मोठ्या भांडवलावर कोलटकरांच्या कविता काढल्या? 'भिजकी वही'ला पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

मात्र स्वतः छापायचं तर प्रकाशकाची सगळी कामं अंगावर घ्या. संपादकाला पैसे द्या, मित्राला फुकट वाचायला देऊन भागत नाही. मुद्रितं परक्या डोळ्यांनी तपासून घ्या. आयएसबीएन सरकारकडून मोफत मिळतो. त्याचे पैसे मागणाऱ्याला बाहेरचा रस्ता दाखवा. विक्रेता चाळीस-पन्नास टक्के सूट मागणार, हे धरूनच किंमत ठरवा. पहिल्यांदा दोनशे प्रती काढा, संपल्या की पुन्हा काढता येतात.

आणि सही करण्याआधी 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 19 वाचा. हक्क लेखी सहीशिवाय दुसऱ्याकडे जात नाहीत. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. घेतलेले हक्क वर्षभर वापरलेच नाहीत, तर करारात वेगळं काही ठरलेलं नसल्यास त्या हक्कांवरचा ताबा सुटतो. तीस वर्षांपूर्वी हे मला कोणी सांगितलं नाही. ज्यांना ठाऊक होतं, ते माझ्यासमोर बसून सहीसाठी पेन पुढे करत होते.

तुमच्यापैकी ज्यांच्या पिशवीत असा करार असेल, त्यांनी कविसंमेलन सुरू झालं की मागच्या खोलीत यावं. मी सोबत एका वकील मित्राला आणलं आहे. शेवटचा कागद वाचून होईपर्यंत आम्ही दोघं तिथून हलणार नाही.