वार्धक्य आणि क्रीडांगण



वार्धक्यात देह थकतो हे खरे. परंतु पुष्कळदा त्याआधीच माणसाचे घराबाहेर पडणे थांबते. या संदर्भात जपानमधील एका खेळाचा इतिहास उद्बोधक आहे.

१९४७ साली, युद्धोत्तर टंचाईच्या काळात, होक्काइदो बेटावर सुझुकी काझुनोबू यांनी मुलांसाठी ‘गेटबॉल’ हा खेळ योजिला. लाकडी ठोकळ्याच्या दांड्याने चेंडू तीन कमानींतून काढून अखेर खुंटीवर आदळावयाचा. प्रत्येक संघात पाच गडी, अवधी ३० मिनिटांचा. धावण्याची गरज नसल्यामुळे पुढे तो वृद्धांनीच आपलासा केला.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पासष्टी उलटलेल्यांना आठवड्यास किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम, तसेच पडण्याचा धोका टाळण्यासाठी निदान तीन दिवस तोल व बळ राखणारा व्यायाम सुचविला आहे. परंतु एकट्याचा नेम चार दिवसांत मोडतो. पाचांतील एक गडी आला नाही, तर उरलेल्या चौघांना त्याची उणीव तत्काळ भासते. त्याची चौकशी होते. ही चौकशी कोणत्याही औषधालयात मिळत नाही.

ज्या देवस्थानापाशी मोकळे प्रांगण आहे, तेथे सायंआरतीपूर्वीचा एक तास ज्येष्ठांच्या खेळास द्यावा. तीही सेवाच होय.