पोटातील वस्ती

(वर्धापनदिनी विहारात केलेले भाषण)



आम्ही काही डॉक्टर नाही. सूतगिरणीत पाळ्या करणारी, वाचनालयात बसून जमेल तेवढं वाचणारी आम्ही माणसं. पण घरात लेकरू आजारी पडलं की आपण सगळेच डॉक्टर होतो! दोन जुलाब झाले की मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या काढतो. आम्हीही नातवाला तेच दिलं. जुलाब वाढले, पोर मलूल झालं, शेवटी सलाईन लावावं लागलं. तेव्हापासून आम्ही या विषयाच्या मागे लागलो.

आपल्या आतड्यात अब्जावधी जंतू राहतात. ते सारेच वैरी नव्हेत. ती एक वस्तीच आहे. भरल्या वस्तीत चोर शिरायला बिचकतो. तसे हे जंतू जागा आणि अन्न अडवून रोगजंतूला पाय रोवू देत नाहीत. डाळी-भाजीचा न पचणारा चोथा खाऊन ते जी आम्लं तयार करतात, त्यांवर आतड्याचं अस्तर पोसलं जातं. शरीरातल्या संरक्षक पेशींनाही ते तालीम देतात. प्रतिजैविक औषध मात्र रोगजंतूंबरोबर ही वस्तीही उठवतं.

ओडिशाच्या खेड्यांत डॉ. पिनाकी पाणिग्रही व सहकाऱ्यांनी ४५५६ नवजात बाळांवर प्रयोग केला. २०१७ साली तो ‘नेचर’मध्ये छापून आला. आईचं दूध सर्वांनाच होतं. एका गटाला सात दिवस एक निवडक उपकारक जंतू आणि त्याचं खाद्य दिलं. दुसऱ्याला तसंच दिसणारं, पण गुण नसलेलं. दोन महिन्यांत गंभीर जंतुसंसर्ग किंवा मृत्यूचं प्रमाण दुसऱ्या गटात शेकडा ९, पहिल्यात ५.४!

म्हणून तान्ह्याला दही चाटवू नका. तो जंतू पारखून निवडलेला होता. सहा महिने फक्त आईचं दूध द्या. त्यातली काही साखर बाळाला पचतच नाही. ती या जंतूंचा शिधा आहे.

जुलाब झाले तर आधी जलसंजीवनी पाजा. रक्त पडलं, डोळे खोल गेले तर तडक दवाखाना गाठा. प्रतिजैविक डॉक्टरांनी दिलं तरच, आणि ते सांगतील तेवढे दिवस. उरलेल्या गोळ्यांचा डबा आजच रिकामा करा. आम्ही सांगतो म्हणून मानू नका. विचारा, पारखा, पटलं तर घ्या.

जयभीम!