घरातील पडदा आणि ग्राहकाचे मत

(ग्राहक दिनाच्या निमित्ताने पेठ, जि. नाशिक येथे कार्यकर्ते व त्यांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



दिवाळीच्या सुमारास नाशिकहून सावळघाट आणि कोटंबीचा घाट ओलांडून पेठेकडे येणाऱ्या गाड्यांमध्ये एक चपटे, रुंद खोके हमखास दिसते. ते मांडीला टेकवून, दोन्ही हातांनी सांभाळत बसलेला माणूस प्रत्येक खड्ड्याला श्वास रोखून धरतो. त्या खोक्यात नुसता दूरदर्शन संच नसतो. मागच्या हंगामात द्राक्षबागेत केलेली मजुरी, विकलेली नागली, मुलाने कारखान्यातून पाठवलेले पैसे, असे सारे मिळून दहा-बारा हजार रुपये त्यात बसलेले असतात.

ही खरेदी होण्यापूर्वी घरात आणि ओट्यावर कितीतरी मते व्यक्त झालेली असतात. कोणी म्हणतो, जुना डबा पंधरा वर्षे चालला, नवे पाच वर्षेही टिकत नाहीत. कोणी म्हणतो, अमुकच कंपनीचा घ्या. आजीबाई म्हणतात, एवढ्या वाहिन्या आहेत, पण बसून पाहावे असे काही नाही. ही मते आपण गप्पा म्हणून सोडून देतो. उद्योगजगत मात्र ती सोडून देत नाही. ग्राहकाला काय आवडते, तो कशाला फसतो, किती पैसे काढू शकतो, हे जाणून घेण्यासाठी कंपन्या मोठा खर्च करतात. ज्याच्या मताला बाजारात एवढी किंमत आहे, त्यानेच ते हलक्यात घ्यावे, हे काही बरोबर नाही. म्हणून आज ही घरगुती मतेच एकेक करून तपासून पाहू.

पहिले मत टिकाऊपणाचे. जुना संच टिकत असे हे खरे, पण का टिकत असे? तो बिघडतच नसे असे नाही. तो दुरुस्त होत असे, हे त्याचे खरे उत्तर आहे. काचेच्या नळीच्या त्या संचात प्रत्येक भाग वेगळा काढता येत असे. तालुक्याच्या गावातला कारागीर मागचे झाकण काढून धूळ झटकत असे, जळालेला भाग बदलत असे आणि शे-दोनशे रुपयांत संच पुन्हा बोलू लागत असे. मात्र त्या काळाचे फाजील कौतुकही नको. रंगीत संचाची किंमत तेव्हा नोकरदाराच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी असे, आणि त्याला वीजही आजच्या बत्तीस इंची संचापेक्षा बरीच अधिक लागत असे.

आजच्या संचात पडदा हाच सर्वांत महाग भाग आहे. तो फुटला वा जळला की दुरुस्तीचा खर्च नव्या संचाच्या जवळ जातो. पण प्रत्येक वेळी पडदाच गेलेला असतो असे मुळीच नाही. आवाज येतो आणि चित्र दिसत नाही, अशी तक्रार असेल तर अंधारात विजेरी तिरकी धरून पडद्यावर प्रकाश टाकावा. चित्र पुसट हलताना दिसले, तर पडदा शाबूत असून मागच्या दिव्यांच्या पट्ट्या गेलेल्या असण्याची शक्यता मोठी. त्या पट्ट्या बदलता येतात आणि त्याला पडद्याच्या मानाने फारच थोडा खर्च येतो. 'पॅनेल गेले, नवाच घ्या' हे वाक्य ऐकून संच भंगारात देण्यापूर्वी एवढी परीक्षा घरच्या घरी होण्यासारखी आहे. आपल्याकडे वळवाच्या दिवसांत वीज कडाडू लागली की संचाची वायर आणि छत्रीची तार, दोन्ही काढून ठेवावीत. नुसते बटण बंद करून भागत नाही.

दुसरे मत कंपनीच्या नावाचे. इथे थोडा इतिहास आठवला पाहिजे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने देशात रंगीत प्रक्षेपण आले, आणि २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झाल्यावर तर ज्या वाड्यावस्त्यांवर वीज होती, तिथे एका संचासमोर सारे गाव बसू लागले. त्या काळी घराघरांत जी नावे होती, ती ओनिडा, बीपीएल, डायनोरा, व्हिडिओकॉन अशी होती. यातील व्हिडिओकॉन तर मराठवाड्यात, आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या चितेगावात उत्पादन करीत असे. महाराष्ट्राच्या अवर्षणग्रस्त भागात तयार झालेला संच देशभर विकला जात होता, ही काही लहान गोष्ट नव्हे.

मग ती नावे गेली कुठे? १९९० नंतर बाजारपेठ खुली झाली. १९९५ मध्ये सॅमसंग आणि १९९७ मध्ये एलजी या कोरियन कंपन्या भारतात उतरल्या. त्यांच्याकडे भांडवल होते, जाहिरात होती, आणि हेही मान्य केले पाहिजे की पुढच्या तंत्रज्ञानावर त्यांची पकड होती. नळी जाऊन चपटा पडदा आला तेव्हा तो पडदा बनविण्याचे सामर्थ्य आपल्या कंपन्यांकडे नव्हते. व्हिडिओकॉनने तर तेल, दूरध्वनी अशा अनेक क्षेत्रांत हातपाय पसरले, कर्ज वाढत गेले आणि जून २०१८ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. केवळ परकीयांना दोष देऊन हा हिशेब पुरा होत नाही.

आजही संचावर भारतीय नाव असले आणि जुळणी भारतात झालेली असली, तरी आतला पडदा बहुधा बाहेरूनच आलेला असतो. केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये तयार रंगीत संचांच्या आयातीवर निर्बंध घातले, त्यामुळे जुळणी देशात वाढली. पण पडद्याच्या कारखान्याला लागणारी अफाट गुंतवणूक, अखंड वीज आणि शुद्ध पाणी यांचा प्रश्न त्याने सुटत नाही. तेव्हा 'स्वदेशी घेतला' असे समाधान मानताना त्यातले स्वदेशी नेमके किती, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार ग्राहकाला आहे. तो विचारला गेला, तरच कधीतरी त्याचे वेगळे उत्तर मिळेल.

आता आजीबाईंचे मत. आपल्या भागात केबलचे जाळे कधी फारसे पसरले नाही. डोंगरदऱ्यांत ते परवडणारेही नव्हते. जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून येणारे प्रक्षेपण डोंगराआड अडत असे, छतावरची अँटेना फिरवून फिरवून हात दुखत. ही अडचण दूर केली ती डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने सुरू केलेल्या डीडी डायरेक्ट प्लस या सेवेने, जिला आज डीडी फ्री डिश म्हणतात. छत्री आणि पेटी एकदा घ्यायची, महिन्याला एक पैसाही द्यायचा नाही. देशातील चार कोटींहून अधिक घरे या सेवेवर आहेत असा अंदाज आहे, आणि त्यात पेठ-सुरगाण्यासारख्या तालुक्यांतील घरांसाठी ती खरी सोय ठरली. भारताने स्वतः घडविलेल्या, नोव्हेंबर २०१५ मध्ये अवकाशात गेलेल्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून ते चित्र येते. तो उपग्रह आपल्या आग्नेयेला आहे, म्हणून छत्रीचे तोंड तिकडे असते, आणि त्या बाजूला डोंगर वा सागाचे उंच झाड आले की चित्र फुटते. मुसळधार पावसात ते काही काळ जाते, कारण पावसाच्या थेंबांत त्या लहरी शोषल्या जातात. त्यासाठी दोनदा कारागीर बोलावून पैसे घालविण्याचे कारण नाही, पाऊस ओसरला की चित्र येते.

परंतु या फुकट सेवेतही ग्राहकाच्या वाट्याला काय येते ते पाहा. खासगी वाहिन्या या सेवेवर जागा लिलावात विकत घेतात आणि त्यांना परवडेनासे झाले की निघून जातात. मार्च २०१९ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०२२ मध्ये मोठ्या वाहिनीसमूहांनी आपल्या लोकप्रिय वाहिन्या इथून काढून घेतल्या. ज्या घरांनी त्यांच्याच भरवशावर छत्री बसवली होती, त्यांना कोणी विचारले नाही. एका सकाळी मालिका दिसेनाशी झाली, एवढेच. आणखी एक गोष्ट अशी, की पूर्वीच्या पेट्या एमपीईजी-२ या जुन्या पद्धतीचे चित्र उलगडतात, आणि आता बऱ्याच वाहिन्या एमपीईजी-४ या नव्या पद्धतीने येतात. जुन्या पेटीला त्या दिसतच नाहीत. 'वाहिन्या कमी झाल्या' अशी तक्रार करणाऱ्या कित्येकांची पेटीच जुनी असते. हे त्यांना पेटी विकणाऱ्याने सांगायला हवे होते.

दुकानातील झगमगाट पाहून पन्नास इंची, 'फोर के' संच घेण्याचा मोह होतो. दुकानात त्यावर खास त्याच दर्जाचे चित्र लावलेले असते. घरी फ्री डिशवरून येणारे चित्र साध्या दर्जाचे असते, ते त्या मोठ्या पडद्यावर ताणले जाते आणि पुसट दिसते. दहा बाय बाराच्या खोलीत बत्तीस इंचांवर तेच चित्र अधिक नेटके दिसते. इथे घरातील गृहिणीचे मत बहुधा बरोबर असते आणि दुकानातल्या विक्रेत्याचे चुकीचे.

या साऱ्याहून गंभीर असा एक बदल गेल्या दशकात झाला आहे, आणि त्याबद्दल ओट्यावर फारसे बोलले जात नाही. पूर्वी संच विकत घेतला की तो आपला होत असे. आज 'स्मार्ट' म्हणून जो संच घरात येतो, तो आंतरजालाला जोडलेला असतो आणि विक्री झाल्यावरही कंपनीच्या हातात थोडासा उरतो. त्यातील सोयी किती वर्षे चालतील हे कंपनी ठरवते. एप्रिल २०१५ मध्ये यूट्यूबने २०१२ व त्याआधीच्या अनेक संचांवरील आपली सेवा थांबवली. डिसेंबर २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने जुन्या काही सॅमसंग संचांच्या बाबतीत तेच केले. पडदा उत्तम, आवाज उत्तम, केवळ आतली आज्ञावली जुनी म्हणून वस्तू अर्धी निकामी! चांगल्या चालणाऱ्या बैलाला त्याच्या जुन्या मालकाने येऊन गोठ्यातच बांधून टाकावे, तसा हा प्रकार आहे.

आणि आपण संच पाहत असताना संचही आपल्याला पाहत असतो, हे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही. पडद्यावर कोणते चित्र चालले आहे ते ओळखून त्याची नोंद कंपनीकडे पाठविण्याची व्यवस्था अनेक संचांत असते. अमेरिकेत व्हिझिओ या कंपनीने एक कोटी दहा लाख संचांमधून अशी माहिती ग्राहकाच्या संमतीविना गोळा केली, असा ठपका तिथल्या व्यापार आयोगाने ठेवला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये कंपनीला बावीस लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावे लागले. आपल्याकडे वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला. पण कायदा होईपर्यंत आणि झाल्यानंतरही, संच पहिल्यांदा सुरू करताना इंग्रजीत जी लांबलचक संमती समोर येते, तिच्यावर घाईने 'मान्य' दाबणारे बोट आपल्याच घरातले असते. हे काम बहुधा घरातील शाळकरी मुलावर सोपवले जाते. निदान त्या वेळी मोठ्या माणसाने शेजारी बसावे, जाहिरातींसाठी पाहण्याची नोंद ठेवण्याची परवानगी मागितली जाते तिथे नकार द्यावा. नकार दिल्याने चित्र बंद पडत नाही.

अशा वेळी एकट्या ग्राहकाचे मत दुबळे ठरते. ही जाणीव ठेवूनच बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. त्यानंतर बारा वर्षांनी, २४ डिसेंबर १९८६ रोजी देशाच्या ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. तोच दिवस आपण ग्राहक दिन म्हणून पाळतो. २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० पासून अमलात आला, आणि त्यात पेठेसारख्या ठिकाणच्या ग्राहकाला मोठा आधार मिळाला. पूर्वी तक्रार साधारणपणे विक्रेत्याचे वा कंपनीचे कार्यालय असेल तिथे करावी लागे. आता ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते. वस्तू ऑनलाइन मागवली आणि विक्रेता बंगळुरूचा असला, तरी तक्रार नाशिकच्या जिल्हा आयोगात दाखल होते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार व्हायला हवी. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर दूरध्वनी केला, तर कित्येक प्रकरणे तिथेच मिटतात. तिथे मराठीतही बोलता येते.

हे सारे हाताशी असूनही आपल्याकडची बहुतेक प्रकरणे एका साध्या कारणाने अडतात, ते म्हणजे बिल नसणे. कराचे पैसे वाचतील म्हणून बिल न घेण्याचा सल्ला दिला जातो आणि भोळा माणूस तो मानतो. बिलावर संचाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा, हमीपत्रावर दुकानाचा शिक्का आणि तारीख घ्यावी. हल्ली यंत्रातून निघणारी गुळगुळीत कागदाची पावती वर्षभरात पांढरी पडते, म्हणून त्याच दिवशी तिची छायाप्रत काढून ठेवावी. आणि पैसे मोजण्यापूर्वी एक प्रश्न जरूर विचारावा: बिघाड झाल्यास तंत्रज्ञ पेठेला येणार, की संच पुन्हा मांडीवर घेऊन कोटंबीचा घाट उतरायचा? जे उत्तर मिळेल, ते दुकानदाराकडून बिलाच्या पाठीमागे त्याच्या सहीनिशी लिहून घ्यावे.